हसतानाचा हात

पाच वाजता दवाखान्यातून फोन येणार होता. हो किंवा नाही, एवढंच बाईंनी सांगायचं होतं.

शाळा सुटली होती. बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून दाताच्या डॉक्टरांनी दिलेले कागद पुन्हा वाचत होत्या. दात सरळ करणाऱ्या साच्यांच्या चौदा जोड्या. पारदर्शक, दातांवर टोपीसारख्या बसणाऱ्या. दर दोन आठवड्यांनी नवी जोडी, दिवसाचे बावीस तास तोंडात, जेवताना तेवढी काढायची. सुरुवातीला ‘स’ आणि ‘श’ जरा घसरतील, असं डॉक्टर म्हणाले होते. शेवटच्या पानावर दोन चित्रं होती. एक आजचं, एक सात महिन्यांनंतरचं. दुसऱ्या चित्रात पुढचे दोन दात एकमेकांवर चढले नव्हते, शहाण्यासारखे शेजारी उभे होते. बाई त्या पानावर बराच वेळ थांबल्या.

“या वयात?” फरशी पुसता पुसता मावशींनी मान वर केली. “लग्न झालं, लेकरू झालं. आता कुणाला दाखवायचेत दात?”

“कुणाला नाही हो मावशी. नुसतं मोकळं हसायचंय एकदा.” हे म्हणताना बाईंना हसू आलं आणि हात तोंडावर गेला. शाळकरी वयापासून जायचा तसाच.

भिंतीवर पाटी होती : मुलांशी बोलताना तोंड दिसलं पाहिजे. कमी ऐकू येणारी ही मुलं ओठ बघून बोलणं समजून घ्यायची. या नियमापायी शिपाईकाकांनी तीस वर्षांची मिशी उतरवली होती, आणि त्या दिवशी बायकोनं दारातूनच ‘कोण हवंय?’ म्हणून विचारलं, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. बाई नियमाला पक्क्या होत्या. फळ्याकडे तोंड करून त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पण नियम बोलण्याचा होता. हसण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

दारात चिमीची आई आली. चिमी आईचा हात सोडून थेट ठोकळ्यांच्या खोक्याकडे पळाली. पाच वर्षांची, दोन्ही कानांमागे मशीन, दोन वेण्या आणि दम म्हणून नाही.

“बाई, एक विचारायचं होतं. हिला आज दाताच्या डॉक्टरांकडे नेलं होतं.”

बाईंनी कागद उलटे करून ठेवले. “का? दुखतंय का काही?”

“तेच कळेना. हसली की हात तोंडावर. दुखतं का विचारलं, तर नाही म्हणते. डॉक्टरांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, एकही दात किडलेला नाही, घरी जा. हिचे बाबा म्हणतात, लाजत असेल. पण ही, आणि लाजणार? परवा पाहुण्यांचा टोप ओढून बघितला हिनं, खरे केस आहेत का म्हणून!”

कोपऱ्यात ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. चिमी खदखदून हसली. हात तोंडावर होता. डावा. बोटं जुळवलेली, अंगठा हनुवटीखाली. एरवी ती सगळं उजव्या हातानं करायची.

बाईंचा उजवा हात दिवसभर खडूत अडकलेला असायचा.

त्या उठल्या आणि चिमीसमोर गुडघ्यांवर बसल्या. एकेक शब्द ओठांवर नीट ठेवत त्यांनी विचारलं, “चिमी, हात का?”

बाईंना एवढंही माहीत नाही, याचं चिमीला नवल वाटलं असावं. “हसू,” ती म्हणाली, आणि तोच हात पुन्हा तोंडावर नेऊन दाखवला. “आधी हात. मग हसू.” बाहेर जाताना आधी चप्पल घालायची, तसं.

“अगं बाई...” चिमीची आई म्हणाली आणि बाईंच्या डाव्या हाताकडे बघू लागली. मावशींचं फडकं थांबलं.

मागच्या आठवड्यात माकडाची गोष्ट सांगताना वर्गातल्या नऊच्या नऊ मुलांचे हात एकदम तोंडावर गेले होते. किती गुणाची पोरं, असंच तेव्हा बाईंना वाटलं होतं.

त्यांनी दोन बुटक्या खुर्च्या समोरासमोर ओढल्या. एकीवर चिमीला बसवलं, दुसरीवर स्वतः बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

“बघ हं.”

चिमी बघू लागली. बाईंना हसू येईना. ओठ ताणले गेले, परत मिटले. कानांच्या पाळ्या तापल्या.

“शिपाईकाकांची मिशी आठवा,” मागून मावशी म्हणाल्या. “‘कोण हवंय?’”

बाईंना हसू फुटलं. डावा खांदा उचलला गेला, पण हात जागचा हलला नाही. सगळे दात दिसले, एकमेकांवर चढलेले दोघं सर्वांत आधी.

नवा शब्द बघावा तशी चिमी पापणी न हलवता बाईंचं तोंड बघत राहिली. मग पुढे वाकून तिनं त्या दोन दातांना हळूच बोट लावून पाहिलं. बाईंनी लावू दिलं. चिमी परत मागे सरकली, तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि आ वासून हसली. इवल्या इवल्या दातांची अख्खी ओळ दिसली.

टेबलावर फोन थरथरायला लागला.

“बाई, फोन,” चिमीची आई म्हणाली.

“तुम्हीच घ्या ना जरा.” बाईंना हसू आवरत नव्हतं. “पाच मिनिटांनी करा म्हणावं. बाईंचे हात अडकलेत.”