फुली

“आई, थांबा!” सून दारातूनच ओरडली. सासूबाईंचा हात काही थांबला नाही. पहिली रेघ ओढून त्या क्षणभर थबकल्या होत्या. ओरडणं ऐकलं, प्लेट नीट दाबून धरली आणि टोच्याने दुसरीही ओढली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तांब्याच्या प्लेटवर भलीमोठी फुली.

फुली मारायची रीतच होती. चित्राच्या ठरलेल्या वीस प्रती छापून झाल्या की प्लेटवर फुली मारायची, म्हणजे एकविसावी प्रत कुणाला काढता येत नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षं छापचित्रं केली. सुनेला प्लेट धरायला शिकवलं ते त्यांनीच. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि या कार्यशाळेत त्यांच्या वाट्याला फुल्या मारायचं तेवढं काम उरलं. आज टेबलावर एकाच मापाच्या दोन प्लेटी होत्या. एक वीस प्रती देऊन संपलेली. दुसरी सुनेने सहा महिने खपून कोरलेली, जिची अर्धवट कोरलेली असताना नुसती एक कच्ची प्रत निघाली होती. फुली नेमकी या दुसरीवर पडली.

“काय झालं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही. कप सांडला.”

“मग पूस आणि लाग कामाला. सहाला कुरियरवाला यायचाय. तो काही तुझा मावसभाऊ नाही, थांबायला.”

सून मागच्या खोलीत गेली आणि तिने नवऱ्याला फोन लावला. “तुझ्या आईने माझ्या सहा महिन्यांवर पाणी फिरवलं!”

सगळं ऐकून नवरा म्हणाला, “पुसता नाही येणार?”

“शाळेतली पाटी आहे का ती?” तिने फोन आपटला आणि मनसोक्त रडून घेतलं. प्लेट कोरली होती ती छापचित्रांच्या मोठ्या प्रदर्शनासाठी, आणि ते तीन वर्षांतून एकदाच भरायचं. निवड झाली तर परदेशातल्या कार्यशाळेत तीन महिने काम करायला मिळायचं. मागच्या खेपेला बाळंतपणात राहून गेलं, त्याआधी हिंमतच झाली नव्हती. रेघा घासून बुजवायला दोन दिवस तरी हवेत. प्रत तर आजच सहाच्या कुरियरने जायला हवी, म्हणजे हातात होते चार तास.

सांगून टाकावं, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण सासूबाईंनी मागेच बजावलं होतं, “ज्या दिवशी माझ्या हातून काम बिघडेल, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात. परत पाऊल टाकणार नाही इथे.” बाई बोलली की बोलली. सून डोळे पुसून बाहेर आली.

जळलं मेलं, निदान बघू तरी, म्हणून तिने त्याच प्लेटवर शाई चढवली, जाळीच्या कापडाने पुसली, ओलसर कागद ठेवला आणि प्रेसचं चाक फिरवलं. चित्र होतं खिडकीखालच्या बोळाचं. समोरासमोर दोन इमारती, रिकाम्या बाल्कन्या, ओल्या फरशा. कच्ची प्रत नाकाला लावून सासूबाई म्हणाल्या होत्या, “बोळ झकास गं. माणसं कुठे गेली? संप आहे का?” सून दोन दिवस फुगून बसली होती.

आता त्या बोळावर दोन रेघा आडव्यातिडव्या पडल्या होत्या. पट्टी न लावता ओढलेल्या, तरी सरळ. कुठे थरथर नाही. सुनेच्या स्वतःच्या रेघा तुटक तुटक जायच्या, भीत भीत. एक रेघ इकडच्या वरच्या बाल्कनीतून तिकडच्या खालच्या बाल्कनीत उतरत होती, दुसरी उलटी. ती बघत राहिली आणि एकदम तिला हसूच फुटलं. अगं बाई, हे तर दोर! कपडे वाळत घालायचे दोर!

तिने सुई घेतली आणि थेट तांब्यावर कोरायला बसली. लेकीचा बालवाडीचा सदरा. वाऱ्याने फुगलेली चादर. नवऱ्याचा भोकं पडलेला बनियन, त्याची तीच शिक्षा. एकच मोजा, कारण त्यांच्या घरात दुसरा कधी सापडतच नसे. पावणेसहाला नवी प्रत निघाली. बोळात आताही कुणी नव्हतं, पण सगळी घरात आहेत हे दिसत होतं. कुरियरवाला दारात घड्याळ बघत उभा राहिला, तेव्हा ती अर्जावर शेवटचं काहीतरी लिहीत होती.

दहा आठवड्यांनी पत्र आलं. वाचताना सुनेचा आवाज चढत गेला. “आई, निवड झाली! म्हणतात, दोरांनी चित्रात जीव आणलाय. आणि तीन महिन्यांसाठी दोन्ही कलाकारांनी यावं म्हणे.”

“दोन्ही? दुसरी कोण?”

सुनेने पत्र खाली ठेवलं. “तुम्ही. मी खोटं बोलले आई. त्या दिवशी तुमची फुली माझ्या प्लेटवर पडली. त्या रेघांचेच मी दोर केले, म्हणून अर्जात तुमचंही नाव घातलं. पण आता किल्लीबिल्ली काढू नका हं, मी घेणार नाही!”

“काम बिघडलं असतं तर दिलीच असती.” सासूबाईंनी फळीवरची ती प्लेट चाचपून काढली आणि दोरांवरून बोट फिरवलं. “वीसदा शाई पुसलेलं तांबं गुळगुळीत होतं. हे खरखरीत होतं. टोचा अर्ध्यावर गेला आणि माझ्या लक्षात आलं.”

“लक्षात आलं होतं? मग मी ओरडले तेव्हा थांबला का नाहीत?”

“एकटी रेघ नुसता ओरखडा दिसली असती, दोन मुद्दाम ओढल्यासारख्या दिसतात. तो घासत तू रात्रभर रडत बसली असतीस.” त्यांचं बोट चादरीपाशी थांबलं. “पहिली चुकून गेली गं. दुसरी नाही.”