वाट दाखवणारे दगड

मुलांनो, कल्पना करा: नॉर्वेतला उघडाबोडका डोंगर, संततधार पाऊस आणि चार पावलांपुढचं दिसू न देणारं धुकं. तिथे वाटेची खूण म्हणजे दगडांची रास. रास दिसली की तिकडे निघायचं, त्यात शंका कोणी काढत नाही.

टुरिडच्या महिला मंडळाची वाट चुकली होती. बोरघिल्डचा गुडघा सुजला होता आणि मुक्कामाची झोपडी कुठे राहिली, कोणालाच कळत नव्हतं.

"ती बघा रास! सुटलो गं बायांनो!" टुरिड ओरडली. "चल बोरघिल्ड, पुरे झालं कण्हणं. कॉफी आता झोपडीतच."

"आधी पोचव, मग टोमणे मार!"

सगळ्या हसत राशीकडे वळल्या. टुरिडची आठ वर्षांची लेक सुनिवा मात्र राशीवरचा पांढरा दगड पाहून थबकली.

"आई, थांब ना. ऐक ना."

"आता नको गं राणी. झोपडीत पोचल्यावर सांग."



सुनिवाने आईचा हात सोडला, सगळ्यांच्या पुढे धावली आणि गेल्या वर्षीच्या सहलीत स्वतःच खेळताना रचलेली ती रास रडत रडत मोडू लागली.