आयातची पर्स

पर्सचा बंद अजून वीतभर विणायचा होता, आणि गाडी दारात येऊन उभी राहिली.

शरीफाने मान वर केली नाही. पडवीच्या कडेला बसून ती क्रोशाच्या सुईने साखळी ओढत राहिली. गुलाबी दोऱ्याची, मुठीपेक्षा थोडी मोठी पर्स. झाकणाला नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचं बटण लावलेलं. सहा वर्षांची आयात, तिची नात, गुडघ्याला टेकून सुईकडे बघत होती.

"नानी, झाली?"

"होतेय."

"अब्बा आले."

"बघितलं मी."

शरीफाची लेक कौसर तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हापासून आयात इथे पूर्णगडलाच होती. बाप मस्कतला. आता रेहानने दुसरं लग्न केलं होतं, राजापूरच्या शगुफ्ताशी, आणि दोघं मिळून मुलीला न्यायला आले होते. विमान उद्या पहाटे मुंबईहून. आयातचा नाना रमजान सकाळीच जेट्टीवर निघून गेला होता. निरोपाला थांबणार नाही असं तो म्हणाला नव्हता. पण जेवायलाही आला नाही.

"अस्सलाम वालेकुम, नानी," शगुफ्ता पायरीशी येऊन म्हणाली.

"वालेकुम सलाम." शरीफा विणकामाकडे बघतच बोलली. या मुलीचं वाईट असं काही तिच्या कानावर आलं नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

रेहानने बॅगा गाडीत टाकल्या. घड्याळ बघितलं. शरीफाने शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि पर्स आयातच्या गळ्यात तिरकी अडकवली. बंद इतका लांब, की पर्स पार गुडघ्यापर्यंत आली.

"लांब झाला गो, नानी."

"होऊ दे. तू वाढशील ना."

आयात दोन पावलं चालली. पर्स पायात आली. शगुफ्ता पटकन खाली बसली आणि तिने मुलीच्या खांद्यापाशी बंदाला एक सैल गाठ मारली. पर्स कमरेशी आली.

"मोठी झालीस की सोडायची," ती म्हणाली.

शरीफा उठली आणि पडवीत सांडलेले दोरे गोळा करू लागली. मारायची ती गाठ तिलाच सुचायला हवी होती.

"आता यात काय ठेवू?" आयातने विचारलं. बटण काढून तिने आत बोट घातलं. रेहानने खिशातून चॉकलेट काढून पुढे केलं. तिने ते घेतलं आणि हातातच धरून ठेवलं.

शगुफ्ता शरीफाच्या जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "नानी, तिच्या अम्मीचा फोटो असेल का एखादा? छोटा. यात बसेल असा."

रेहान गाडीच्या चाकाकडे बघू लागला.

शरीफाने पहिल्यांदाच त्या मुलीच्या तोंडाकडे नीट बघितलं. वय कौसरएवढंच असेल. घाबरलेली होती. मग शरीफा आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोटोस्टुडिओचं पाकीट होतं. आत एकच फोटो उरला होता, पासपोर्टला काढलेल्यातला. रेहान कौसरला मस्कतला नेणार होता, तेव्हाचा. पासपोर्ट झाला होता. व्हिसा येईपर्यंत ताप आला.

आयातने फोटो डोळ्यांजवळ धरला. "अम्मी रागावलीय?"

"नाय गो." शरीफाने फोटोवर बोट टेकवलं. "फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही. तर तिने दाबून धरलंय बघ, इथे गालाशी. बाहेर आल्यावर एवढी हसली, एवढी हसली, की रिक्षावाला मागे वळून बघायला लागला."

आयातने गालाशी बघितलं. "हां, दिसतंय," ती म्हणाली. फोटो पर्समध्ये सरळ उभा बसला. तिने झाकण लावलं, बटण अडकवलं आणि वरून हाताने दाबून बघितलं.

मग निघायचंच होतं. शरीफाने नातीच्या डोक्यावर हात ठेवला, ओठांतल्या ओठांत दुवा म्हटली आणि तिला मागच्या सीटवर बसवलं. आयात रडली नाही. ती काचेचं बटण खालीवर करून बघत होती. शगुफ्ता तिच्या बाजूला बसली.

रेहानने गाडी सुरू केली. तेवढ्यात शरीफा उघड्या काचेला धरून वाकली. नातीशी नाही, शगुफ्ताशी बोलली.

"विमानात हिला खिडकीशी बसव. कौसरच्या फार मनात होतं. वरून आपली खाडी दिसते का, ते बघायचं होतं तिला."

"मुंबईहून विमान या बाजूला—" रेहान बोलू लागला.

शगुफ्ताने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिने काचेवरच्या शरीफाच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"बसवते, नानी," ती म्हणाली. "दोघींना दाखवते."