कोंबड्याचं नाव

रविवारी जावई जेवायला यायचा होता आणि त्याच्यासाठी राखलेला कोंबडाच नेमका लंगडायला लागला. दुखणाईत कोंबडा जावयाच्या ताटात कसा वाढायचा? भागी त्याला पदराखाली धरून कर्जतच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात आली. काचेचं दार, गार हवा, मांजरांना आंघोळ घालायची वेगळी खोली! तिला काही ही लक्षणं बरी दिसेनात.

"नाव काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भागी."

"तुमचं नाही मावशी, ह्याचं."

भागी चपापली. कोंबड्याचं नाव कशाला पायजे यांना? नाव विचारलं की मागून काहीतरी लचांड येतंच, हे तिला ठाऊक होतं. पण बाई तर हटून बसलेल्या. सकाळपासून डोक्यात जावईच घोळत होता, त्याचंच नाव तोंडातून निघून गेलं.

"नवशा."

"अरे वा! नवशा, पाय दाखव बघू," म्हणत बाईंनी रुतलेला काटा काढला, पट्टी बांधली. "आता नवशाला जिवापाड जपा हं, मावशी!"



रविवारी ताटात नुसतं सुकट बघून जावयानं विचारलं, "मामी, कोंबडा तर अंगणात फिरतोय?" तेव्हा भागी एवढंच म्हणाली, "तुमच्याच जिवासाठी ठेवलाय जावईबापू, गप जेवा."