एक कमी

संध्याकाळी सात वाजून गेले तरी माळावरच्या खुराड्याने दार लावले नाही. हे चाकांचे खुराडे रोज स्वतःहून ताज्या गवतावर सरकते, भोवती जाळी उभारते आणि अंधार पडताना प्रत्येकीच्या अंगची ओळखीची ऊब हेरून कोंबड्या मोजते आणि दार लावते. आज ते सांगत होते : एक कमी.

शेजारच्या दगडू नलवड्यांनी मोजले. सगळ्या आत होत्या. त्यांनी दार ओढले. ते पुन्हा उघडले. ओढ्याकडे कोल्हा ओरडला. त्यांनी खुराड्याच्या मालकीण यमुनाआक्कांना फोन लावला. त्या दुपारीच पुण्याला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या.

"आक्का, तुमी रोज आत बसत होता?"

"दार लागायच्या वक्ताला. घरात बोलायला कोण होतं?"

"मग झालं! त्यानं तुमालाबी कोंबड्यांतच धरलंय."

आक्का हसल्या नाहीत. "वाट बघतंय म्हणा की."

"मी बसून बघितलं. मला मोजंना."

लेक कामावरून आली नव्हती. फ्लॅटचे दार अजून आक्कांना ओळखत नव्हते; बाहेर पडल्या तर परत आत येता येणार नव्हते.

साडेसातला दगडू काठी घेऊन खुराड्यात बसले होते. दार उघडेच होते. आक्का फोन उचलत नव्हत्या; पुण्यात फ्लॅटचे दार त्यांच्या पाठीमागे लागले होते.