समोरच्यांची मांडी

“मी धरते, तुम्ही विंचरा,” म्हणत समोरच्या शालनताईंनी माझ्या बोक्याला मांडीवर घेतलं. सकाळपासून मला बोचकारणारा तो मेला तिथे डोळे मिटून चक्क घुरघुरायला लागला.

रोज मासळी साफ करून घालते मी, आणि झोपायला मात्र हा त्यांच्याकडे! माझा नुसता जळफळाट व्हायचा. म्हणून मी त्याला मऊ गादी आणली. खालचे भाडेकरू घर सोडताना त्यांच्या कुत्र्याची टाकून देत होते, ती मागून घेतली. दोन दुपारी बोका तिच्यावर झोपला, मग पुन्हा समोर. आठवड्याभरात त्याच्या केसांत पिसवा दिसल्या, तेव्हा मी भर जिन्यात शालनताईंना सुनावलं, “तुमच्याच घरातून आणल्यात यानं!” त्या कुलूप उघडून आत गेल्या.

काल गादी उलटली, तर खाली पिसवाच पिसवा. कुणाला न सांगता मी ती कचऱ्यात टाकली.

आता फणीत आलेली एकेक पिसू साबणाच्या पाण्यात बुडवताना मी कशीबशी म्हणाले, “ताई, त्या दिवशी मी उगीच... ती गादी...”

“वर नेताना पाहिली होती मी,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि बोक्याला सावरायला त्यांनी बाही मागे सारली. मनगटापासून कोपरापर्यंत चाव्यांचे लालभडक ठिपके होते.

शरमेनं मी मान खाली घातली, तर समोर माझेच हात. ओरखडे भरपूर होते. पिसू मात्र एकही चावली नव्हती.