काचेवरची रुक्मिणी

"पंत, त्यो मास्तर आज पन पडद्याकडं बगत नव्हता," व्हायोलिनला खोळ घालता घालता फिलिप म्हणाला. "सगली मान्सं रुक्मिनीकडं बगतान, त्यो आपला कंदिलाकडं."

चिंतोपंतांनी काचांच्या पेटीचं झाकण घाईघाईने लावलं. कोलशेतचा फिलिप खेळाला व्हायोलिन वाजवी. त्याचं लक्ष एरवी सुरांबाहेर जात नसे. त्याच्याही नजरेत भरलं, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

कल्याणात तेव्हा चिंतोपंतांच्या जादूच्या कंदिलाचा मोठा बोलबाला होता. काचेवर बोटभर चित्रं, आणि पडद्यावर भिंतीएवढी रुक्मिणी! पंतांनी भराभर काचा सरकवल्या की ती मान वळवी, पापणी लववी, आणि बायाबापड्या हात जोडत. ठाण्याच्या शाळेतले बर्वे मास्तर आगगाडीचं तिकीट काढून दर खेळाला येत. एकच खेळ माणूस पाहून पाहून किती वेळा पाहील?

आणि वर प्रश्न. खेळ संपला की मास्तर चष्मा पुसत हजर.

"पंत, इतकी बारीक पापणी कुठल्या कुंचल्याने काढता हो?"

"सांगू सावकाश," पंत म्हणत. काय सांगणार कपाळ! पंतांना साधा आंबा काढला तर वांगं होई.

चित्रं काढी त्यांची धाकटी बहीण मंदाकिनी. बालपणीच नवरा गेला, केशवपन झालं, आणि विधवेचं लाल अलवण नेसून ती माहेरी परत आली. माजघरातून बाहेर पडायची ती खेळाच्या संध्याकाळी तेवढी, दुर्गाडीच्या देवीला. आपलीच चित्रं पडद्यावर बघायला मांडवात बसायची तिला सोय नव्हती. जिचं तोंड सकाळी दिसलं तर लोक वाटेवरून माघारी फिरतात, तिने देवांचे डोळे रंगवले हे गावाला कळलं असतं, तर मांडवात काळं कुत्रंही फिरकलं नसतं. म्हणून चित्रकार म्हणून पंतच मिरवत. घरची चूल त्यावर पेटत होती, आणि पंतांची पगडीही त्यावरच ताठ होती.

पण चित्रकाराला स्वतःचा कुंचला ठाऊक नाही म्हटल्यावर बिंग फुटायला कितीसा वेळ? पंत घरी आले.

"मंदे, पापणीला कुंचला कसला गं?"

"खारीच्या शेपटीचा. कोण विचारतंय?"

"आहे एक ठाण्याचा चिकट माणूस."

तिने हातातली काच खाली ठेवली. "पापणी दिसली त्यांना?"

इतक्या वर्षांत पंतांनी कधी तिला पापणीबद्दल विचारलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या खेपेला मास्तरांनी विचारलं, "सज्ज्यातली रुक्मिणी सारखी खाली का बघते?" पंतांनी हाही प्रश्न घरी नेला.

"वर बघ म्हणणारं तिला कोणी भेटलंच नाही, असं सांग त्यांना," मंदाकिनी म्हणाली.

पंतांनी ते जसंच्या तसं सांगितलं. एरवी बोलका मास्तर, पण त्या दिवशी चष्मा न पुसताच गेला. त्यानंतरच्या खेळात रुक्मिणीने नजर उचलली, आणि टाळ्यांनी मांडव दणाणला. पंत सुखावले.

"पंत, चित्रकाराला सांगा, नजर फार सुंदर उतरली आहे," मास्तर म्हणाले.

"चित्रकार मीच आहे!" पंत खेकसले.

"हो, हो. तुम्हीच."

पंतांनी पेटी जवळ ओढली. ह्याला कुठून वास लागला? हा बाहेर बोलला तर संपलंच सगळं. की मुंबईच्या कुठल्या मंडळीने काचा चोरायला ह्याला पेरला आहे? त्या दिवसापासून पेटीला दोन कुलुपं लागली, किल्ल्या जानव्याला गेल्या आणि पेटी उशाशी आली. "एकदा घरी येऊन काम बघू का?" असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा पंतांनी सरळ सांगितलं, "घरी पाहुण्याला जागा नाही."

मास्तर हसले. "बरं, एवढं तरी सांगा. रुक्मिणी देवीच्या दर्शनाला जाते, तेव्हा देवळाबाहेर रथ किती वेळ थांबतो?"

असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला काय जातंय, असा विचार करून पंतांनी हाही निरोप घरी नेला.

"ती बाहेर येईपर्यंत," मंदाकिनी पाठमोरीच म्हणाली. "आणि दादा, रथाची काच तडकली आहे. अक्षय्य तृतीयेच्या खेळाला नवी करून देते."

पंतांनी तो निरोपही इमानाने पोचवला.

अक्षय्य तृतीयेला मंदाकिनीने फडक्यात गुंडाळलेली काच दिली. "रंग कच्चा आहे, धूळ बसेल. ऐन वेळेलाच उघड." मग ती दादाच्या पाया पडली. सणाचा दिवस, पंतांनी तोंड भरून आशीर्वाद दिला. ती दुर्गाडीच्या वाटेला लागली.

मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे शास्त्री, वकील, मामलेदार. मास्तरांची जागा मात्र रिकामी! पंतांच्या छातीवरची धोंड उतरली. दोन कुलुपं बघून पळाला चोर. त्या दिवशी त्यांचा आवाज असा लागला की फिलिपलाही जोर चढला.

शेवटची काच आली. पंतांना राहवलं नाही. "मंडळी, ही काच आजवर कोणाच्या दृष्टीला पडलेली नाही. ह्याच हातांनी रंगवली आहे. बघा, रुक्मिणी निघाली!"

त्यांनी फडकं सोडलं आणि पडद्याकडे बघत काच सरकवली. व्हायोलिन मध्येच थांबलं. भिंतीएवढ्या रथात रुक्मिणी लाल अलवण नेसून बसली होती, आणि लगाम धरलेल्या कृष्णाच्या नाकावर चष्मा होता.